सीमेपलीकडचा उपचार आणि आपले कर्तव्य
(चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील रुग्णांच्या प्रवासाचा विचार)

स्वदेशात परवडत नाही किंवा वेळेवर मिळत नाही म्हणून उपचारासाठी परदेशी जाणे ही आता जगाच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. अमेरिकेतील दंतरोगी सीमा ओलांडून मेक्सिकोतील लॉस अल्गोडोनेस या छोट्या गावी जातात. त्या गावात दंतवैद्यांची इतकी दाटी आहे की त्याची सारी ओळखच त्यांच्यावरून झाली आहे. भारताकडेही असा ओघ वाढला. २००३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात भारत हे जगाचे आरोग्यकेंद्र व्हावे असा विचार मांडला गेला. त्याच वर्षी लाहोरची एक दोन-अडीच वर्षांची बालिका नव्याने सुरू झालेल्या दिल्ली-लाहोर बसने भारतात आली आणि बंगळुरू येथे तिच्यावर हृदयाची शस्त्रक्रिया झाली. पुढे उपचारार्थींसाठी वैद्यकीय व्हिसा आला. जुलै २०२३ मध्ये तर आयुर्वेदादी पद्धतींचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या परदेशी नागरिकांकरिता ‘आयुष व्हिसा’ हा स्वतंत्र वर्गच निर्माण झाला.

या घडामोडींचे आपल्या व्यवसायबंधूंनी स्वागत केले, ते योग्यच झाले. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत ज्यांची चिकित्सालये वा औषधी दुकाने आहेत, त्यांच्यासमोर दररोज निराळाच एक सीमापार रुग्ण उभा असतो. त्याच्याजवळ पारपत्र नसते. त्याला विमान ठाऊक नसते. तरी तो नदी ओलांडतो, राज्य ओलांडतो, पुष्कळदा भाषाही ओलांडतो, आणि तेही त्याच एका कारणासाठी: परवडेल असा आणि विश्वास ठेवता येईल असा उपचार मिळावा. या लेखात आम्ही त्याच्या प्रवासाचा विचार करणार आहोत, कारण त्या प्रवासाच्या आरंभी आणि अखेरीस बहुधा आपल्यापैकीच कोणीतरी असतो.

तीन राज्यांच्या सांध्यावरील प्रदेश

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या दोन्ही जिल्ह्यांच्या दक्षिणेस तेलंगण (२ जून २०१४ पर्यंत आंध्र प्रदेश) आणि गडचिरोलीच्या पूर्वेस छत्तीसगड. राजुरा, जिवती, कोरपना, गोंडपिपरी हे तालुके तेलंगणाला लागून आहेत. सिरोंचा हा तालुका तर तेलंगण आणि छत्तीसगड या दोहोंना भिडतो. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची यांच्या पलीकडे छत्तीसगड सुरू होतो. जिवती तालुक्यातील चौदा गावांचा सीमावाद दीर्घकाळ चालत आला आणि तेथील कुटुंबांजवळ दोन-दोन राज्यांच्या शिधापत्रिका असल्याचे सर्वांना ठाऊक आहे.

नकाशावरील रेषा आणि माणसांचे व्यवहार यांचा मेळ अशा प्रदेशात सहसा बसत नाही. सिरोंचाहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय दोनशे किलोमीटरांच्या घरात आहे आणि नागपूर त्याहूनही पुष्कळ पुढे. याउलट गोदावरीवरील पुलापलीकडे कालेश्वरम् हाकेच्या अंतरावर. तेथून पुढे मंचेरियाल, करीमनगर, वरंगल. सिरोंचाच्या रुग्णाने कोणती दिशा धरावी हे सांगण्यासाठी कोणा पंडिताची आवश्यकता नाही.

मात्र ओघ एकाच दिशेने वाहतो असे नाही. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला आणि डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया बांधवांसाठी दवाखाना चालविला. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांचा संगम आहे. इंद्रावतीच्या पलीकडे बस्तर आणि अबुझमाड. त्या भागातून रुग्ण पायी, खाटेवर वा कावडीत बसून हेमलकशाला येत राहिले. राज्याची सीमा त्यांच्या हिशेबात नव्हतीच. औषध आहे, हाकलून देणारा कोणी नाही आणि पैशाची अट नाही, एवढेच त्यांना पुरे होते. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा जगाला या कार्याची ओळख झाली. परंतु रुग्णांना ती पस्तीस वर्षांपूर्वीच झाली होती.

सीमेपलीकडेही अशी उदाहरणे आहेत. छत्तीसगडमधील दल्ली-राजहरा येथे खाणकामगारांच्या संघटनेने १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभारले. अल्प खर्चातील प्रामाणिक चिकित्सा म्हणून आजूबाजूच्या आदिवासी मुलखात त्याचे नाव झाले. आपल्या बाजूस वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ साली स्थापन झालेले महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय हे विदर्भातील निर्धन रुग्णांचे मोठे आश्रयस्थान ठरले. चंद्रपूर येथे २०१५ मध्ये आणि गडचिरोली येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. त्यामुळे पुढील काळात हे अंतर कमी होईल अशी आशा बाळगावयास हरकत नाही. तथापि महाविद्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे आणि रुग्ण अरण्यात आहे, ही वस्तुस्थिती त्याने पालटत नाही.

‘आढ्य’ रुग्णाचा प्रश्न

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार गुण मिळून सोळा गुणांनी चिकित्सा सिद्धीस जाते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात रुग्णाचे जे गुण सांगितले, ते स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व असे आहेत. त्यांत धनाचा उल्लेख नाही. सुश्रुतसंहितेत मात्र रुग्ण ‘द्रव्यवान्’ असावा असे म्हटले आहे आणि वाग्भटाचार्यांनी तर रुग्णाच्या गुणांत ‘आढ्य’ म्हणजे संपन्न हा गुण प्रथम मांडला.

हा केवळ पाठभेदाचा विषय आहे असे आम्हांस वाटत नाही. दोन्ही मतांत व्यवहाराचे सत्य आहे. खर्च करण्याची शक्ती नसेल तर चिकित्सा मध्येच खंडित होते, हे सुश्रुत-वाग्भटांनी पाहिले असणार. पण निर्धनाला रोग होत नाहीत असे नाही, हेही चरकांनी उपकल्पनीय अध्यायात स्पष्ट केले आहे. सर्व माणसांजवळ सर्व साधने नसतात आणि दारुण व्याधी दरिद्री माणसालाही सोडत नाहीत; म्हणून आपत्काली जे द्रव्य, जे साधन मिळेल त्यावरच त्याची चिकित्सा करावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे. ज्या अध्यायात राजाला व धनिकाला लागणाऱ्या सुसज्ज आतुरालयाचे वर्णन आहे, त्याच अध्यायात हा उपदेश यावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता वनप्रदेशातील रुग्णाचे ‘धन’ कशात असते ते पाहू. मोहफुले, तेंदूपत्ता, हिरडा, बेहडा, चारोळी, डिंक, थोडे धान, एखादी बैलजोडी, काही शेळ्या. यातील बहुतेक उत्पन्न हंगामी असते. तेंदूचा पैसा उन्हाळ्यात हाती येतो, धानाचा दिवाळीनंतर. व्याधी मात्र हंगाम पाहून येत नाही. म्हणून तपासणी ‘पत्ता संपल्यावर’ करू, शस्त्रक्रिया ‘धान विकल्यावर’ करू, असे म्हणणारे रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहेत. त्या दोन महिन्यांत सुखसाध्य व्याधी कृच्छ्रसाध्य होते.

शिवाय रुग्णालयाचे देयक हा खर्चाचा एक भाग झाला. जाण्या-येण्याचे भाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी, परगावी जेवणाखाण्याचा खर्च, घरी राहिलेल्या मुलांची व जनावरांची व्यवस्था आणि पुन्हा दाखविण्यासाठी करावी लागणारी फेरी, हे सारे त्यात मिळवावे लागते. शासकीय रुग्णालयात उपचार विनामूल्य असूनही गरीब माणूस तेथे का जात नाही, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे या हिशेबात आहे. परदेशी जाणारा सुशिक्षित रुग्णही विमानभाडे आणि निवास धरून असाच हिशेब करतो. भेद इतकाच की त्याला दर अगोदर कळलेले असतात. आपला रुग्ण हिशेब न कळताच घर सोडतो आणि अर्ध्या वाटेवर शेळ्या विकतो.

ज्ञापकत्व कोठे हरवते?

रुग्णाच्या गुणांपैकी ज्ञापकत्व म्हणजे आपली व्यथा वैद्याला यथार्थ सांगता येणे. हा गुण आपण व्यक्तीच्या ठायी मानतो. पण तो स्थळावरही अवलंबून असतो. माडिया बोलणारी स्त्री आपल्या गावात पोटदुखीचे स्थान, काल, स्वरूप सारे नीट सांगते. तीच स्त्री नागपूरच्या बाह्यरुग्ण विभागात एका शब्दाने उत्तर देते, किंवा देतच नाही. मग प्रश्नपरीक्षा संपते आणि यंत्रपरीक्षेचा खर्च वाढतो.

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. सिरोंचा भागात तेलुगू घराघरांत बोलली जाते. तेथील रुग्ण वरंगलला गेला म्हणजे कागदोपत्री तो परराज्यात गेलेला असतो, पण भाषेने तो स्वगृही असतो. कोरची भागात छत्तीसगडी बोलली जाते. तेथील रुग्णाला राजनांदगाव-रायपूरची वाट जवळची वाटते, ती केवळ अंतरामुळे नव्हे. म्हणून रुग्ण परराज्यात गेला की त्याला दोष देण्याची जी प्रवृत्ती आपल्यात दिसते, ती आम्हांस अयोग्य वाटते. जेथे आपले ऐकून घेतले जाते तेथे मनुष्य जातो.

परिचारक या पादाचीही अशीच गत होते. चरकांनी परिचारकाच्या गुणांत ‘अनुराग’ सांगितला आहे. आदिवासी कुटुंबात रुग्णासोबत चार-पाच माणसे येतात. मोठ्या रुग्णालयाचा नियम एकालाच परवानगी देतो. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारली, तेव्हा लोक रुग्णालयाला का भितात हे त्यांनी लोकांनाच विचारले. नातेवाइकांना आत राहू देत नाहीत, आणि पांढरे कपडे पाहून मृताला गुंडाळतात त्या वस्त्राची आठवण होते, अशा प्रकारची उत्तरे मिळाली. त्यांचे ऐकून शोधग्राम येथील दवाखाना झोपड्यांसारख्या रचनेचा, नातेवाइकांसह राहता येईल असा बांधला गेला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले. अभीरुत्व, म्हणजे रुग्णाचे निर्भय असणे, हा गुण अशा रीतीने इमारतीतही घडवता येतो.

त्याच संस्थेने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. नवजात बालकांना रुग्णालयापर्यंत नेता येत नसेल तर उपचारच घरापर्यंत न्यावा, या विचाराने गावातील स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिक्षण देण्यात आले. ३९ गावांतील या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. ज्या व्याधीसाठी प्रवास टाळता येतो तेथे तो टाळणे हीच सर्वांत स्वस्त चिकित्सा होय, हा यातील बोध आपल्यालाही लागू आहे.

सीमा बंद झाली तर?

सीमेपलीकडच्या उपचाराचा एक मोठा धोका रुग्ण सहसा लक्षात घेत नाही. उपचार सीमेवर अवलंबून असला की सीमेचे भवितव्य तेच त्याचे भवितव्य होते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे वैद्यकीय व्हिसाही संपुष्टात आले आणि उपचाराधीन रुग्णांना परतावे लागले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत राज्याराज्यांच्या सीमांवर अडथळे उभे राहिले. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा संपर्क तुटण्याचा अनुभव तर अनेक वर्षांचा आहे. अशा वेळी मधुमेहाचा, अपस्माराचा, सिकलसेलचा रुग्ण औषधाविना राहतो. दूरच्या वैद्याची चिठ्ठी आणि जवळच्या वैद्याची देखरेख या दोहोंची सांगड नसेल तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाऊ शकते.

आपण काय करावे?

या प्रदेशात पदवीधर वैद्य पुष्कळदा एकमेव उपलब्ध चिकित्सक असतो आणि औषधी दुकानदार हा अनेकांचा पहिला सल्लागार असतो. म्हणून आम्ही पुढील गोष्टी सर्व बंधु-भगिनींच्या विचारार्थ मांडतो.

पहिली गोष्ट साध्यासाध्य विवेकाची. सुखसाध्य व्याधीचा रुग्ण बाहेर जाऊ नये, तो येथेच बरा व्हावा. याप्य व्याधीचा रुग्ण एकदा बाहेर जाऊन निदान निश्चित करून यावा आणि पुढील देखरेख येथे व्हावी. शस्त्रसाध्य व्याधीचा रुग्ण तत्काळ पाठवावा. पक्व गुल्माच्या प्रसंगी हा धान्वंतरीयांचा अधिकार आहे असे चरकांनी निःसंकोच मान्य केले, तेथे आपण संकोच करण्याचे कारण नाही. वेळेवर पाठविणे हा वैद्याचा पराभव नसून ती चिकित्साच आहे.

दुसरी गोष्ट विलंबाची. या दोन जिल्ह्यांत ताप म्हणजे प्रथम मलेरियाची शंका घ्यावी. रक्ततपासणी आशा कार्यकर्तीकडे व आरोग्य केंद्रात विनामूल्य होते, तिच्यापूर्वी काढा देऊन वाट पाहू नये. सर्पदंशात घट्ट बंध बांधणे, चिरा देणे यांत क्षण दवडू नयेत. प्रतिविष जेथे आहे तेथे रुग्ण पोहोचविणे हेच कर्तव्य. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातील जो व्रण दोन-तीन आठवड्यांत भरून येत नाही, त्याला केवळ लेप व गंडूष देत राहू नये. सिकलसेलच्या रुग्णाला छातीत दुखणे, श्वास लागणे किंवा तीव्र ताप आल्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे आणि त्याला चालू असलेले हायड्रॉक्सियुरिया आपल्या औषधाच्या भरवशावर बंद करावयास सांगू नये.

तिसरी गोष्ट संदर्भपत्राची. रुग्ण जाताना त्याच्याजवळ एक पान असावे: व्याधीचा इतिहास, दिलेली औषधे, ज्ञात अपाय, नातेवाइकाचे नाव, रुग्णाची भाषा. ज्याला स्वतः सांगता येत नाही त्याचे ज्ञापकत्व हे पान असते. तेलंगणात जाणाऱ्यासाठी ते इंग्रजीत लिहावे. तो परतल्यावर तेथील कागद वाचून घ्यावेत, त्यातील औषधे चालू ठेवावीत आणि पुढची तारीख आपल्या नोंदवहीत लिहावी.

चौथी गोष्ट योजनांच्या माहितीची. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. सप्टेंबर २०१८ मध्ये आरंभ झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि राज्याबाहेरील संलग्न रुग्णालयातही त्याचा लाभ घेता येतो. सीमेवरील रुग्णाला या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व किती, हे निराळे सांगावयास नको. परंतु कार्ड घरी ठेवून रोख पैसे घेऊन जाणारे रुग्ण आजही आढळतात. कार्ड आहे का, आणि जेथे जावयाचे ते रुग्णालय योजनेत आहे का, हे दोन प्रश्न विचारण्यास आपल्याला दोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांत एखाद्याची बैलजोडी वाचते.

औषधी दुकानदारांना विशेष विनंती

आपल्या फळीवरील हिरडा, बेहडा, अर्जुनसाल, कुडा, बिबा हे पुष्कळदा याच अरण्यातून गेलेले असते. ते कवडीमोलाने बाहेर जाते, दूरच्या शहरात त्याचे चूर्ण होते आणि वेष्टनात बसून अनेक पट किमतीला परत येते. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर मेंढा-लेखा हे सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक ठरले आणि त्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांना वनोपजावरील अधिकार प्राप्त झाले. अशा ग्रामसभांकडून प्रत्यक्ष व रास्त दराने खरेदी करता आली तर दोन लाभ होतील. द्रव्याचा ‘संपत्’ गुण, म्हणजे त्याची ताजी व अस्सल अवस्था, आपल्या डोळ्यांसमोर राहील. आणि ज्या पैशातून रुग्ण उपचाराचा खर्च करतो तो पैसा त्याच्या हाती अधिक येईल. रुग्णाला ‘आढ्य’ करण्याचा एवढा सरळ मार्ग आपल्या हाती असताना तो न चोखाळणे योग्य नव्हे.

याबरोबरच एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. दूर जाणे परवडत नाही म्हणून हताश झालेल्या माणसाला ‘मुळापासून बरे करतो’ असे सांगून महागडा पुडा विकणारे लोक बाजारात फिरतात. सिकलसेल व कर्करोग ही त्यांची आवडती क्षेत्रे. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार विषयक कायद्याने कर्करोगासारख्या अनेक व्याधींसंबंधीच्या अशा जाहिरातींना मनाई केलेली आहे. परंतु कायद्यापेक्षाही आपले दुकान हाच अधिक परिणामकारक अडसर ठरू शकतो. अज्ञात घटकांचे, लेबल नसलेले, एका रात्रीत सूज उतरविणारे औषध आपल्या फळीवर नसावे. अशा पुड्यात गेलेला पैसा म्हणजे पुढच्या योग्य उपचाराचे भाडेच असते.

परदेशी पाहुणे आयुर्वेदाकडे यावेत, त्यांनी पंचकर्म घ्यावे, समाधानाने परतावे. त्यातून शास्त्राची कीर्ती वाढते. पण त्या कीर्तीची खरी कसोटी त्यांच्या अभिप्रायात नसून सिरोंचाच्या, भामरागडच्या, जिवतीच्या रुग्णाच्या अनुभवात आहे. तो आपल्याकडे आला असता त्याला योग्य ते औषध मिळाले काय, जेथे पाठवावयास हवे होते तेथे तो वेळेवर पोहोचला काय, आणि परत आल्यावर त्याची कोणी विचारपूस केली काय? या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने आपापल्या नोंदवहीत शोधावीत. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या भागातील दूरस्थ उपचार घेणाऱ्या रुग्णांची यादी तयार करून त्यांच्याजवळ दोन महिन्यांची औषधे आहेत याची खात्री करून घ्यावी, एवढ्या एका कामापासून आरंभ करता येईल, असे आम्हांस वाटते.